कड सरळ करताना

तळघरातल्या सायकलची किरकिर थांबली. घर एकदम गप्प झालं. आणि त्या शांततेत खालून पत्र्याच्या झाकणाचा आवाज आला, टक्.

ब्रिटाच्या हातातला लेकीचा, मारेनचा, मोजा घडी व्हायचा तसाच राहिला.

ते झाकण तिनं झोपेतही ओळखलं असतं. खालच्या फ्रीजरमध्ये सासूबाईंचा, आर्लीनचा, ट्रे होता. येत्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतर होणाऱ्या कॉफीसाठी केलेल्या ओट्स-कॅरॅमेलच्या वड्या. त्यांच्याकडे जागा नव्हती म्हणून इथे आलेल्या. बाहेर उणे पंचवीस, त्यामुळे तळ्याभोवती चालणं बंद. नवऱ्याची, आंडर्सची, व्यायामाची सायकल लागली ती नेमकी त्या फ्रीजरला खेटून. मांजराला दुधाच्या पातेल्याशेजारी व्यायामाला बसवावं, तसं.

आंडर्सची साखर काठावर आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. शुक्रवारी पुन्हा रक्त तपासायचं होतं. आंडर्सच्या वडिलांचा पाय साखरेनंच गेला. त्यांचा तो खोटा पाय अजून आर्लीनच्या कपाटात कोटांमागे उभा आहे. मारेन त्याला घाबरते. त्या पायाकडे बघूनच ब्रिटा म्हणाली होती, "तुला एकट्याला नाही सोडणार. ईस्टरपर्यंत मीही गोडाला शिवणार नाही." दोघांनी करंगळीत करंगळी अडकवली होती.

आंडर्स घाम पुसत वर आला.

"कसं झालं?"

"वाईट नाही."

इथली माणसं छप्पर उडालं तरी एवढंच म्हणतात. त्यावरून काय ओळखायचं? तिनं त्याच्या दाढीकडे निरखून पाहिलं. तो कण ओट्सचा, की सकाळी फोडलेल्या लाकडाचा भुसा?

"काय गं?"

"कुठे काय. जा, अंघोळ कर."

नळाचा आवाज सुरू झाला तशी ती खाली गेली. मारेनही बाहुली ओढत तिच्या मागोमाग उतरली. ब्रिटानं झाकण उचललं. एक ओळ जवळजवळ संपत आलेली, आणि तिच्या टोकाला एक अर्धी वडी.

अर्धी! तिचा संशय पक्का झाला. ट्रे कुणाचाही असो, या गावात शेवटची वडी कुणी उचलत नाही. अर्धी करतात, मग अर्ध्याची अर्धी, आणि शेवटी उरलेल्या चिमटीभर तुकड्यासकट ट्रे धुवायला टाकतात. आंडर्स इथल्याच मातीतला. ही त्याचीच सही.

कड मात्र वेडीवाकडी झाली होती. आर्लीननं पाहिलं तर? सुरी नेहमीच्या जागी, ट्रेशेजारीच होती. ब्रिटानं कड नीट, सरळ रेषेत कापली, सुरी साफ केली आणि झाकण लावलं. आता कसं छान दिसत होतं.

संध्याकाळी ताटात उकडलेल्या शेंगा नि कोंबडी होती. आंडर्स निमूटपणे चावत होता.

"मला काही सांगायचंय का तुला?" ब्रिटानं विचारलं.

तो लाल झाला. "सोमवारी. अर्धी. एकच."

"आणि आज?"

"आज नुसतं उघडलं. वास घेतला, बंद केलं आणि पळत वर आलो. खरंच, ब्रिटा. सोमवारपासून रोज हेच चाललंय माझं."

"अर्धी म्हणे! अख्खी ओळ गेलीय, आंडर्स. ती काय पाय फुटून गेली?"

"मग तूच खाल्ली असशील."

"मी?" ती हसली, पण हसू कडवट होतं. "सहा आठवडे मी कॉफीतसुद्धा साखर घातलेली नाही. मनावर ताबा ठेवायला काय लागतं ते मला विचार. मला तुझ्या त्या वड्यांची भीती नाही रे, तू खोटं बोलशील याची आहे. शुक्रवारी रक्त तर खरं बोलेलच ना?"

आंडर्सनं काटा खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते नाटक आहे की काय, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

मारेन शेंगेतले दाणे एकेक करून ताटाच्या कडेला लावत होती. तिनं मान वर केली.

"आई, तू रोज ती कड सरळ करतेस ना... आणि मग सुरी चाटतेस... ते खाणं असतं का?"