प्रेमचंद शेठजींच्या विहिरीतली माशी

मित्रांनो, मी एक माशी आहे. अहो थांबा, चप्पल खाली ठेवा! गुळाच्या ढेपेवर बसणारी, तुमच्या ताटाभोवती घोंगावणारी ती मी नव्हे. मी कुणाला चावतही नाही. आमचं कुळ अगदी छोटं, आणि ओल असेल तिथेच आम्ही सुखी.

माझा जन्म खापर गावात, प्रेमचंद शेठजींच्या परसातल्या विहिरीत झाला. तेव्हा मी इवलीशी अळी होते. पाण्याच्या कडेला ओल्या दगडाला चिकटून पडायचं आणि शेवाळातलं बारीकसारीक खायचं. काय मजेचे दिवस होते ते!

एके सकाळी मी बादलीत सापडले. शेठजींच्या घरी पाणी कापडातून गाळतात आणि कापडावर अडकलेले जीव धुऊन पुन्हा त्याच विहिरीत सोडतात. त्याला ते जिवाणी म्हणतात. त्या दिवशी हे काम शेठजींच्या नातीकडे, जियाकडे होतं. पोर मोठी मायाळू. तिला वाटलं, या बिचाऱ्यांना विहिरीच्या गढूळ पाण्यात कशाला टाकायचं? तिने पिण्यासाठी उकळून ठेवलेलं स्वच्छ पाणी वाटीत घेतलं आणि आम्हाला त्यात सोडलं.

देवा रे! पाणी अजून पुरतं निवलं नव्हतं. माझं अंग भाजू लागलं. वाटी गुळगुळीत, धरायला दगड नाही. आता काही आपण वाचत नाही, असं मला वाटलं. जिया मात्र कौतुकाने बघत होती.

तेवढ्यात तिची आजी तीजाबाई आली.

"अवं जिया, हाई काय करं तू? हाई पाणी आपले पेवाले शे, त्यास्ले नई!"

"पन दादी, हाई तं कितलं चांगलं शे!"

"तुले चांगलं. जठेना जीव, तठेच सोडना पडस."

जियाचा चेहरा एवढासा झाला. दोघींनी वाटीत गार पाणी घातलं, आम्हाला छोट्या बादलीत घेतलं, ती दोरीने विहिरीत सोडून पाण्याला टेकवली आणि हळूच कलती केली.

"मरी ग्यात का त्या, दादी?" जियाला रडू फुटलं. तीजाबाईने विहिरीत वाकून बघितलं, पण एवढ्या खाली काय दिसणार? मला 'नाही, नाही' असं ओरडावंसं वाटलं, पण अळीला कुठला आवाज?

आता मला पंख फुटले आहेत. कालच मी ओल्या दगडावर अंडी घातली. माया जरूर करा, मित्रांनो, पण ज्याच्यावर करता त्याला काय मानवतं ते आधी बघा. माझे दिवस थोडेच उरलेत. जिया रोज काठाशी येते आणि वाकून पाण्यात बघते. तुमच्यापैकी कुणाला ती भेटली, तर एवढं सांगा. मी वाचले.