सत्काराचा फोटो

गिरधरराव पंचायत समितीत तीस वर्षं कारकून होते आणि त्यांना सत्काराचं व्यसन होतं. कोणाची बदली होवो, कोणाला नातू होवो, गिरधरराव शाल-नारळ घेऊन हजर. स्वतःच्या निरोप समारंभात मिळालेल्या शालींचा गठ्ठा त्यांनी त्यासाठीच कपाटात ठेवला होता.

म्हणून कळसाडी सोडून शहाद्याच्या नव्या कॉलनीत रो हाऊस घेतलं, तेव्हा वास्तुशांतीच्या दिवशी त्यांनी सत्कार कोणाचा करावा? बिल्डरचा! धीरजशेठला शाल घातली, ‘असा प्रामाणिक माणूस खान्देशात दुसरा नाही’ असं भाषण ठोकलं. धीरजनेही हॉलसाठी लक्ष्मीची भलीमोठी तसबीर भेट दिली आणि जेवणं आटोपताच आपल्याच माणसाकडून ती भिंतीवर लावूनही दिली. गिरधरराव गहिवरले.

चार महिन्यांत तसबिरीखालून भेग बाहेर आली. दिवाळीपर्यंत ती सोफ्यापर्यंत उतरली आणि भिंत थोपटली की वाळू सांडायला लागली. धीरज फोन उचलेना. एके सकाळी दगूबाईंनी, म्हणजे गिरधररावांच्या मंडळींनी, सांगून टाकलं, “काजलना बाप, भित पडी तं मन्हाच डोकावर पडी. काय ते करा, नई तं मी कळसाडीले चालनू.”

दगूबाई गेल्या असत्या तर परत आल्या नसत्या, हे गिरधररावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी नंदुरबारच्या ग्राहक आयोगात तक्रार ठोकली, तीही वकील न लावता. अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

सुनावणीला धीरजच्या वकिलाने तीनच मुद्दे मांडले. ताबा दिला तेव्हा भिंत ठणठणीत होती. तक्रारदाराने तसबिरीसाठी खिळा ठोकला म्हणून भेग पडली. शिवाय तक्रारदार घरावर इतके खूश होते, की हे बघा! आणि त्याने सत्काराचा फोटो पुढे केला. धीरजने तो ऑफिसात चौकट करून लावला होता.

अध्यक्षाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “हे तुम्हीच ना?”

गिरधररावांनी होकारार्थी मान डोलावली. जन्मात पहिल्यांदा त्यांना शालीची लाज वाटली.

“माले बी फोटो दखाडा,” मागच्या बाकावरून दगूबाई उठल्या. त्या दिवशी चाळीस माणसांचा स्वयंपाक त्यांनी एकटीने केला होता. आपण फोटोत आहोत की नाही, एवढंच त्यांना पाहायचं होतं. नव्हत्याच. चिडून त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचं बोट धीरजच्या खांद्यामागे थांबलं.

“बाई, भेग तं आठे बी शे. आनि लक्ष्मी तं आजून यान्हाच हातमा शे. मंग खिया कोनी ठोका?”

अध्यक्षाबाईंनी भिंग मागवलं. धीरज फोटोत दात काढून तसबीर धरून उभा होता, आणि त्याच्यामागे खिडकीच्या कोपऱ्यापासून भेग उतरली होती. खिळ्याचा पत्ता नव्हता. हा पुरावा मागे घेता येईल का, असं वकिलाने विचारून पाहिलं. अध्यक्षाबाई हसल्या.

धीरजने स्वखर्चाने भिंत पाडून नवी बांधून द्यावी, असा निकाल लागला.

काम संपलं त्या दिवशी गिरधररावांचा हात सवयीने कपाटाकडे गेला. गवंड्यांचा मुकादम घाईघाईने केस विंचरायला लागला. पण गिरधररावांनी शाल आणून घातली ती दगूबाईंच्या खांद्यावर.

दगूबाईंनी आधी भिंत थोपटली. वाळू सांडली नाही. मग त्यांनी शाल सावरली, नारळासाठी ओंजळ पुढे केली आणि सगळ्यांकडे पाहिलं.

“नारय कोठे शे? आनि फोटो कोन काढी ऱ्हायना?”