शीतगृहातला अर्धा तास

इसामू दाराकडे तोंड करून उकिडवा बसला आणि म्हणाला, "चल, बस पाठीवर."

तोकिकोने त्याच्या गळ्यात हात टाकले. डावा हात त्यालाच ओढून घ्यावा लागला.

"घट्ट धर. चार मजले आहेत."

"मला सांगताय? सहा वर्षं तेच मोजतेय."

उत्तर जपानातल्या थंड ओबिहिरोत असा उन्हाळा कुणी पाहिला नव्हता. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजाराने तिचे पाय केव्हाच नेले होते. उकाडा चढला की नजरही धूसर व्हायची, बोटं परक्यासारखी वागायची. लिफ्ट नसलेल्या इमारतीत ती दिवसदिवस पंख्यासमोर पडून राही. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या तोकिकोने एप्रिलपासून पेन्सिल धरली नव्हती. आज सकाळी तिने रंगांची पेटी शेजारणीला देऊन टाकली. तिचा नवरा इसामू नेहमीसारखा कामावर गेला. दुपारी मात्र तो अचानक परतला होता.

"कुठे नेताय ते तरी सांगा."

"गार जागी."

तो काम करायचा ते शेतकरी संघाचं शीतगृह. आत नागाइमोचे लांबलचक कंद उघड्या खोक्यांत, भुश्शात रचलेले. म्हातारा पहारेकरी कुदो दाढी खाजवत हसला.

"वहिनी, कंदांच्या पंगतीला आलात होय! या, पान वाढूनच ठेवलंय."

इसामूने तिला हातगाडीवर बसवलं, अंगावर कामाचा कोट घातला. तापमान तीन अंश होतं. भिंतींना खिडकी नव्हती.

"मी माल उतरवून येतो. बाहेरच आहे. हाक मार."

दार लागलं. तोकिको थरथरत बसून राहिली. दहा मिनिटं गेली असतील. समोरच्या कंदावरची केसासारखी मुळं तिला एकेक करून दिसू लागली. तिने बोटं मिटली, उघडली. ती तिचं ऐकत होती. बाहेर उकाड्यात गेलं की हे सगळं पुन्हा मिटणार, हे तिला ठाऊक होतं. कोटाच्या खिशात खोक्यांवर खुणा करायचा जाड पेन होता.

अर्ध्या तासाने इसामूने दार उघडलं. शेजारच्या खोक्यावर जाड पेनाने काढलेला एक नागाइमो दाढी खाजवत हसत होता. हुबेहूब कुदो.

इसामूने वाकून ते चित्र पाहिलं. मग म्हणाला, "चल आता, गारठशील."

तिने मान वर केली नाही.

"अहो, आणखी एक खोका द्या. आणि दार लावा ना, गारवा जातोय."