क्षीरसागरांचा पहारा

पणदऱ्याच्या सप्ताहात विणा सात दिवस खाली टेकत नाही. चौऱ्याऐंशी घरं, प्रत्येकाला दोन तासांचा पहारा, आणि क्रम आडनावांच्या वर्णमालेनं, म्हणजे मानापानाला जागाच नको. शेवटचं घर क्षीरसागरांचं. त्यांच्या गळ्यात विणा असतानाच काल्याचं कीर्तन रंगतं. त्या दोन तासांचं सुख ज्यानं अनुभवलं त्यालाच कळावं.

बाजीराव क्षीरसागर गेल्या पौषात वारले. चाळीस वर्षं त्यांच्यामागं टाळ धरून उभ्या राहिलेल्या अक्काबाई यंदा स्वतः विणा घेणार होत्या.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी सकाळी देवळात यादी लागली. यंदा पहिल्यांदाच संगणकावरची. अक्काबाईंनी सवयीनं तळाकडून वाचायला सुरुवात केली. तळाशी होले. त्यांचं नाव सापडलं कोकऱ्यांच्या खाली: दुसरा दिवस, दुपारी चार ते सहा. तेही ‘अक्काबाई बाजीराव क्षीर’ एवढंच.

यादी केली होती ज्योत्स्नानं. ती लोणी देवकरला एका कारखान्यात संगणकाचं काम बघायची, सप्ताहासाठी रजा काढून आली होती. अक्काबाई तिला एवढंच म्हणाल्या, “पोरी, आमाला मधी का गं घातलं?”

ज्योत्स्ना तडक सप्ताहाचे अध्यक्ष सर्जेराव यांच्याकडे गेली.

“आबा, चूक माझीय. क्षीरसागर शेवटी हवेत.”

“हातानं नाव हलवायचं न्हाय,” सर्जेराव म्हणाले. “दोन सालामागं एक नाव हलवलं तर निम्मं गाव पंगतीला आलं न्हाय. मशीन लावील तसं. हरिपाठ झाला की यादी वाचणार, मग बदल न्हाय.”

“मशीननंच शेवटी लावलं तर?”

“मग माझं काय जातंय?”

होलेतात्या शेजारीच बसले होते. “लाव, लाव. पण आमची बायकू सकाळधरनं गावभर सांगत सुटलीय, काला आमचा म्हणून!”

घरी येऊन ज्योत्स्नानं लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला. डेटाबेसचा क्लस्टर, म्हणजे सगळ्या नोंदींचं कोठार, उभारताना तिनं घाईत एन्कोडिंग आणि लोकेल, म्हणजे अक्षरं कशी साठवायची आणि कुठल्या भाषेच्या क्रमानं लावायची, हे सांगितलेलंच नव्हतं. मशीननं आपल्या मनानं साधं इंग्रजी वळण धरलं. म्हणून क्ष गेला क च्या घरात, आणि एकेका मराठी अक्षराच्या तीन-तीन जागा मोजून फॉर्मनं लांब नावं छाटली.

तिची बहीण उत्कर्षा म्हणाली, “एवढ्या एका यादीला वेगळा क्रम लाव की. दहा मिनिटांचं काम.”

“लागेल. पण पुढं देणगीदारांची यादी, पंगतीची यादी, सगळ्या ह्यातूनच निघणार. कीर्तनात पेटीवाला आधी पट्टी विचारतो ना? अभंग उचलल्यावर पट्टी चुकली कळलं, तर थांबून पुन्हा पहिल्यापासून. तसंच.”

तिनं सगळ्या नोंदी बाहेर काढून ठेवल्या, नवा क्लस्टर मांडायला घेतला. एन्कोडिंग यूटीएफ-८, लोकेल मराठी. मशीननं नकार दिला: असं लोकेल इथं नाही. ते उतरवून घ्यायला मोबाईलची रेंज पुरेना. लॅपटॉप उराशी धरून ती गच्चीवर चढली, टाकीच्या सावलीत बसली. दुसऱ्या खेपेला क्लस्टर उभा राहिला.

नोंदी आत घालताना अकरा नावं अडकली. अक्षराच्या मध्येच तुटलेली. नवं एन्कोडिंग तसले तुकडे घेईना. उत्कर्षा म्हणाली, “राहू दे ती अर्धीच.”

“देवापुढं कुणाचं नाव अर्धं वाचायचं नाही.”

अकरा घरांना फोन गेले. दोघांनी उचलले नाहीत, तिथं उत्कर्षाच स्कूटी घेऊन गेली.

हरिपाठ संपता संपता ज्योत्स्ना देवळात पोचली. सर्जेरावांनी चष्मा चढवला आणि नवी यादी सगळ्यांसमोर सावकाश वाचली. त्र्याऐंशीवं नाव होले. तात्यांनी मान हलवली. “मशीनबी शेवटी गावाचंच निघालं!”

सर्जेराव थांबले. “शेवटचा पहारा, दहा ते बारा. अक्काबाई बाजीराव क्षीरसागर.” मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “वहिनी, दोन तास उभं ऱ्हायचंय. गुडघं साथ देतील न्हवं?”

“गुडघ्याला कोण इचारतंय?” अक्काबाई म्हणाल्या. “तुमी फकस्त इण्याचा पट्टा जरा आखूड करून ठेवा.”