मी, पहिल्या दृश्यातला मुडदा

मी मुडदा बोलतोय. दचकू नका. मी कधी जिवंत नव्हतोच, त्यामुळे मेल्याचं मला दुःख नाही. "तुझा मुडदा बसो," असं लोक रागाने म्हणतात; मी खरोखरच बसायचो, आरामखुर्चीत, आणि तेही कॅमेऱ्यासमोर. टीव्हीसाठी केलेल्या एका रहस्यपटात पहिल्याच दृश्यात जो घरमालक मेलेला दिसतो, तो मी. आत कापूस आणि तारा, वरून रबर.

माझा जन्म एका मुखवटेवाल्याच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. नाटकवाले, सिनेमावाले तिथून नाकं, दाढ्या, टकलं घेऊन जात. एकदा एक दिग्दर्शक आला.

"मला प्रेत हवंय," तो म्हणाला. "ते खुर्चीतून जिन्यावर आणि जिन्यावरून पाण्याच्या टाकीत पडतं, म्हणून कुणी नट तयार होत नाही. पण चेहरा खरा वाटला पाहिजे. गोलमटोल, जेवून सुस्तावलेला."

मुखवटेवाला स्वतः काडीसारखा. कुणाचा चेहरा घ्यावा, या विचारात तो पडला. तेव्हा दारातून त्याची बायको म्हणाली, "माझ्या भावाचा घ्या."

तो तिच्याकडे बघतच राहिला. या बहीणभावांचं बोलणं बंद होऊन काही वर्षं झाली होती. तिच्या लग्नात, ऐन जेवणाच्या वेळी, धाकट्या भावाने सगळ्यांसमोर थट्टा केली होती, "आमचे भावोजी खोटी तोंडं विकून पोट भरतात." सगळे हसले. नवरदेवही हसला. ताई मात्र हसली नाही, आणि त्यानंतर भावाशी बोललीही नाही.

आता तिनेच फोन केला. "काम आहे, ये," एवढंच. दुसऱ्या दिवशी भाऊ हजर. दाढी गुळगुळीत, अंगात कोरा शर्ट. बोलावण्याची वाटच बघत असावा.

त्याला टेबलावर आडवं केलं. चेहऱ्याला तेल चोपडलं, श्वासासाठी नाकपुड्यांत नळ्या घातल्या आणि वरून ओलं प्लॅस्टर थापलं. "सुकेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर साचा बिघडेल," असं बजावून मुखवटेवाला हात धुवायला गेला.

ताई स्टूल ओढून उशाशी बसली. मग म्हणाली, "आता बरा सापडलास."

नळ्यांतून नुसता श्वास.

"लहानपणापासून माझा एक शब्द झाला की तुझे दहा. आज मुकाट्याने ऐक. तू ह्यांना हसलास ते लागलंच मला. पण त्याहून जास्त लागलं ते पुढचं. तू परत फिरकलाच नाहीस. चुकलं म्हणायलाही नको होतं रे. नुसता येऊन चहा पिऊन गेला असतास, तरी विसरले असते मी. तुझ्या पोरीला पहिला दात आला, तो मला भाजीवालीकडून कळला. ती विचारते, भाचीला काय दिलंत? मी म्हटलं, अर्धा किलो टोमॅटो दे."

नळ्यांतल्या श्वासाची शिट्टी वाजायला लागली. हनुवटी थरथरली, आणि ओल्या प्लॅस्टरखाली भावाचे ओठ विलग झाले.

"बोलू नकोस," ताई म्हणाली, आणि त्याच्या हातावर हात ठेवून बसून राहिली.

साचा निघाला तेव्हा भावाचे डोळे लाल होते. "भावोजी, तोंड कुठे धुऊ?" त्याने विचारलं.

उत्तर ताईने दिलं. "मोरीत गरम पाणी काढलंय. आणि जेवून जा."

मग त्या साच्यात मी ओतला गेलो. बाहेर आलो तो ओठ अर्धवट उघडे, काहीतरी सांगायला निघालेला. मुखवटेवाल्याने कपाळाला हात लावला. दुसरा साचा करायला वेळ नव्हता. शूटिंग तोंडावर आलं होतं.

त्याची भीती खरी ठरली. दिग्दर्शकाने मला खुर्चीत बसवलं आणि त्याचा चेहरा माझ्याहून पडला. "हे चालणार नाही. घरमालक झोपेत गेला असं सगळ्यांना वाटायला हवं." मुखवटेवाला खाली मान घालून उभा. एवढं मोठं काम त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

तिथे एक वयस्कर नटी होती. जन्मभर दुसऱ्यांच्या सासवा करून थकलेली. या चित्रपटात मात्र तीच नायिका होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भानगडींत नाक खुपसून गुन्हे शोधणारी एक निवृत्त शिक्षिका. ती माझ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि मला निरखत राहिली.

"डॉक्टर म्हणतात हे झोपेत गेले," ती शिक्षिकेच्या आवाजात हळूच म्हणाली. "मग ओठ असे कसे? हे कुणाशी तरी बोलत होते. म्हणजे इथे, समोर, कुणीतरी बसलं होतं."

लेखक पुटपुटला, "पण मी लिहिलेला कपबशीचा पुरावा..."

"कपबशी राहू दे," दिग्दर्शक म्हणाला. "कॅमेरा लावा."

खऱ्या मुडद्यांचे ओठ कसे असतात, मला ठाऊक नाही. पण आमच्या चित्रपटात त्या ओठांवरूनच घरमालकाचा पुतण्या पकडला गेला.

चित्रपट लागला त्या दिवशी भाऊ बायको-मुलीला घेऊन ताईकडे आला. पडद्यावर बाप मेलेला बघून भाचीने भोकाड पसरलं. त्याने तिला मांडीवर घेतलं. "अगं, मी इथे आहे. गाल ओढून बघ." तिने ओढला. मग खात्री करायला आत्याचाही ओढला.

दुसऱ्या दिवशी कामावर सगळ्यांनी भावाला घेरलं. तो ऐटीत म्हणाला, "कारागिरी भावोजींची. मी नुसता आडवा पडलो होतो."

पुढे मी आणखी बऱ्याच चित्रपटांत मेलो. विहिरीत, बर्फात, कपाटात. शेवटी प्रेक्षक ओळखायला लागले, "हा बघ, परत मेला," आणि माझी कामं थांबली. आता मी कारखान्याच्या खिडकीशी असतो. एक कान उंदरांनी कुरतडलाय, पोटाची शिवण उसवलीय.

पण सुट्टीत भाची आत्याकडे राहायला आली आहे. तिने मला तपासलं, पोटावर कान ठेवून बराच वेळ ऐकलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हा मेलेला नाही. आजारी आहे." तेव्हापासून मला रोज काखेत पेन्सिल लावून ताप बघतात, कानाला पट्टी बांधतात, चमच्याने पाणी पाजतात. निम्मं शर्टावर सांडतं. काल ताप बराच उतरल्याचं तिने सांगितलं.

तेव्हा कधी इकडे आलात, तर जरा हळू बोला. मला विश्रांती सांगितली आहे.