न दिसणारी अक्षरं

शहाजादीने बुरख्याची बाही मागे सारली आणि कीबोर्डवर एक बोट टेकवलं. समोरच्या काळ्या पडद्यावर पांढरी खूण लुकलुकत होती.

"नाव सांगा भाभी, मी मारते," बेबीनंदा म्हणाली.

"नको. मीच मारते."

जालन्याच्या त्या बियाणे कंपनीत हा काळा पडदा रोज सकाळी तिचा नवरा सिराजोद्दीनच उघडायचा. त्याच्या हाताखालची बेबीनंदा रोजच्या नोंदी वेगळ्या लॉगिनने करायची. पण साऱ्या बियाण्याचा साठा ज्या डेटाबेसात होता, त्याचा मुख्य पासवर्ड त्याच्यापाशीच होता. जानेवारीत तो जेवता जेवता कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. शहाजादीची इद्दत, विधवेने घरात काढायचे चार महिने दहा दिवस, मे महिन्यात संपली. आता पेरणी तोंडावर आली होती, अंगणात परतूर-तीर्थपुरीकडचे ट्रक उभे होते, आणि उगवण तपासणीत नापास झालेले लॉट कोणते, ते त्या पडद्यामागे अडकलं होतं. पुण्याचा कॉम्प्युटरवाला माणूस सोमवारशिवाय यायचा नव्हता.

"थांबायला मालक तयार न्हाईत," मॅनेजर रामराव तिला घरी येऊन म्हणाले होते. "पोत्यात खराब बी गेलं तर लोकांचं वरीस जाईल भाभी. त्यांनी काय ठेवलं असंल, काही सुचतंय का?"

सकाळपासून तिने मुलाचं नाव सांगितलं, स्वतःचं, सासूचं. तीनदा चुकलं की खिडकी बंद व्हायची. बेबीनंदा पुन्हा उघडायची. दुपारी शहाजादीने स्वतःच खुर्ची पुढे ओढली.

आता तिने एक एक अक्षर शोधून दाबलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

"दिसून न्हाई राह्यलं."

"पासवर्ड दिसत नसतो भाभी. आत जातंय बराबर."

एंटर दाबलं. नकार आला.

शहाजादीचा हात मांडीवर पडला. मुलाच्या, असदच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. सव्वा महिन्याची होऊन गेली. दफन करून आल्यावर सिराजोद्दीनने तिचं नाव पुन्हा कधी घेतलं नाही. शहाजादीने काढलं तर उठून बाहेर जायचा. पुढे तिनेही काढणं सोडलं. मनात मात्र धरून ठेवलं, की हा माणूस विसरला.

दवाखान्यात नर्स मुलीचं नाव इंग्रजीत लिहीत होती, तेव्हाचं तिला आठवलं. तो काउंटरवर वाकून म्हणाला होता, "जे न्हाई सिस्टर. झेड. नाझनीन."

तिने पुन्हा अक्षरं दाबली. मधल्या जेच्या जागी झेड दाबलं.

पडद्यावर नव्या ओळी सरकल्या. बेबीनंदाने तोंडावर हात ठेवला.

"जोडलं! साहेब, जोडलं गेलं!"

तिने भराभर ओळी टाकल्या. प्रिंटर करकरू लागला. रामरावांनी कागद फाडून घेतला आणि ट्रककडे धावत जाऊन हमालांना नापास लॉटची पोती उतरवायला सांगितली.

शहाजादी उठली नव्हती.

"हे रोज मारायचे का ते?"

"रोज. आल्या आल्या. तवर कुणाशी बोलायचे न्हाईत," बेबीनंदा म्हणाली. "आम्हाला वाटायचं, सरांचा सभावच तसा."

शहाजादीने मान हलवली.

रामराव दारात आले. "बेबीनंदा, पासवर्ड आत्ताच बदलून टाक. कंपनीचं नाव ठेव, सगळ्यांना ठाऊक असंल असं."

बेबीनंदाने शहाजादीकडे पाहिलं, मग हळूच आज्ञा टाइप केली. पडद्यावर प्रश्न आला.

"आधी जुना विचारतंय, भाभी."

"बदलल्यावर हा चालन का?"

"न्हाई. मंग न्हाई चालत."

शहाजादीने कीबोर्ड जवळ ओढला. या वेळी तिला अक्षरं शोधावी लागली नाहीत. शेवटचं दाबून झालं, तरी तिचं बोट एंटरवर नुसतं टेकून राहिलं.

"झालं का?" रामरावांनी विचारलं.

"होऊन राह्यलं साहेब," बेबीनंदा म्हणाली, आणि उगाचच प्रिंटरचे कागद सारखे करू लागली.