बिनखवल्यांचा मासा

इस्राएलमधल्या अश्दोदच्या समुद्रात हनोखकाका नऊ वर्षं सरकारसाठी जाळ्यातले मासे मोजत होते. आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे मराठी ज्यूंना, बिनखवल्यांचा मासा वर्ज्य, म्हणून काका तो न मोजताच पाण्यात सोडत. एकही विद्वान कधी होडीत चढला नाही. कचेरीत बसून काकांच्या आकड्यांवरून विद्वानांनी अहवालात लिहिलं, असा मासा इथे नाहीच.

२००३ साली पहिल्यांदाच एक संशोधक, नवी आलेली शिरी, होडीत चढली आणि त्याच माशाने तिला काटा मारला. सुजलेल्या हाताने तिने दुखापतीच्या रजेचा अर्ज दिला.

कचेरीतले साहेब म्हणाले, "असा मासा आपल्या समुद्रात नाही."

"मग अहवाल दुरुस्त करा," शिरी म्हणाली.

काका ओशाळले. "चूक माझी, साहेब. उद्यापासून तेही मोजतो."

"खबरदार! मग मागच्या नऊ वर्षांशी तुलना कशी करायची? शास्त्रात पद्धत बदलत नसतात, हनोख."

साहेबांनी अर्ज नामंजूर केला आणि काकांना शिस्तीबद्दल प्रशस्तिपत्र दिलं.